फुकटाची नोंदवही

शेगावच्या गजानन महाराज संस्थानात महाप्रसादाच्या पंगतीत बसणाऱ्याला कोणी नाव विचारत नाही. जात कोणती, गाव कोणते, देणगी दिली का, मागच्या खेपेला कधी आला होतात, यातले काहीच विचारले जात नाही. लास व्हेगासच्या कॅसिनोत फुकट खोली मिळवणाऱ्याचे मात्र नाव, जन्मतारीख, आवडते पेय, तो कोणत्या यंत्रापुढे किती वेळ बसला, एका डावाला सरासरी किती लावतो, हे सगळे नोंदलेले असते. दोन्हीकडे जेवणाचे पैसे पडत नाहीत. दोन्हीकडे आग्रह होतो. तरी धर्म एकाला दान म्हणतो आणि दुसऱ्याकडे संशयाने पाहतो. जुगार वाईट, एवढेच त्याचे कारण आहे, की देण्याच्या रीतीतच काही खोट आहे?

प्रश्न शेगावच्या या बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसापासून आता फार लांब राहिलेला नाही. काठमांडूला विमानाने जायला भारतीयाला पासपोर्टही लागत नाही. मतदार ओळखपत्रावर काम भागते, आणि तिथल्या कॅसिनोंचा धंदा बराचसा भारतीय पाहुण्यांच्याच जिवावर चालतो. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर प्रवेशाच्या पॅकेजातच जेवण, मद्य आणि ठरावीक रकमेची खेळायची कूपने येतात. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंसाठी कायदा करून ठेवला होता. तो कधी अमलात आला नाही, आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करायचे ठरवले. त्यामुळे मराठी माणसाला कॅसिनो गाठायचा तर राज्याबाहेर किंवा देशाबाहेर जावे लागते, आणि तिथे उतरायला खोली लागते. फुकट खोलीचे आमिष नेमके इथेच कामी येते.

ही खोली कशी ठरते ते आकड्यांत पाहिलेले बरे. अमेरिकी रूलेटच्या चाकावर शून्य आणि दुहेरी शून्य अशी दोन घरे जादा असतात, त्यामुळे लावलेल्या दर शंभर डॉलरमागे सरासरी ५.२६ डॉलर कॅसिनोकडे राहतात. एखादा पाहुणा दर फेरीला २५ डॉलर लावतो, तासाला ४० फेऱ्या होतात आणि तो चार तास बसतो असे धरा. त्याने एकूण ४,००० डॉलर फिरवले. त्यातले सुमारे २१० डॉलर तो हरेल, असे कॅसिनोचे गणित सांगते. त्या रात्री तो प्रत्यक्षात जिंकला की हरला, याला फारसे महत्त्व नाही. या अपेक्षित तोट्याचा एक हिस्सा, समजा तीस टक्के म्हणजे ६३ डॉलर, त्याला जेवण, खोली किंवा नाटकाचे तिकीट या रूपाने परत मिळतो. पाहुण्याला वाटते, आपला मान ठेवला. हिशेबात तो त्याच्याच तोट्यावरचा परतावा असतो, आणि तोटा होण्याआधीच काढून ठेवलेला.

पायऱ्याही ठरलेल्या असतात. सीझर्स या अमेरिकी कंपनीच्या योजनेत स्लॉट यंत्रात पाच डॉलर फिरवले की एक गुण मिळतो आणि वर्षात १५,००० गुण झाले की ‘डायमंड’ दर्जा येतो. त्यासाठी यंत्रातून ७५,००० डॉलर फिरायला हवेत. यंत्र दहा टक्के ठेवून घेते असे धरले, तर त्या हिऱ्याची सरासरी किंमत साडेसात हजार डॉलर होते. एवढ्या पैशांत चांगल्या हॉटेलात महिनाभर राहता येईल, पण तिथे कोणी ‘डायमंड’ म्हणणार नाही.

या धंद्याचे शास्त्र बनवले ते गॅरी लव्हमन या हार्वर्डच्या प्राध्यापकाने. ते १९९८ मध्ये हॅराज या कॅसिनो कंपनीत आले. २००३ साली लिहिलेल्या लेखात त्यांनी सांगितले की कंपनीकडे येणाऱ्या जुगाऱ्यांपैकी २६ टक्के लोक ८२ टक्के उत्पन्न देतात. आणि हे २६ टक्के म्हणजे गाडीतून उतरणारे अब्जाधीश नव्हेत. ते होते मध्यमवयीन किंवा निवृत्त शिक्षक, डॉक्टर, बँकेतले कर्मचारी, यंत्रकामगार. हाताशी थोडा पैसा आणि बराच वेळ असलेली माणसे. ज्याला घरी कोणी फारसे विचारत नाही, त्याला कॅसिनोचा होस्ट नावाने हाक मारतो, वाढदिवसाला फोन करतो, पुढच्या महिन्यात दोन रात्री तुमच्यासाठी राखून ठेवल्यात म्हणून सांगतो. इथे विकली जाते ती ओळख. खोली हे तिचे वेष्टन.

यावर चतुर प्रवाशाचे उत्तर तयार असते: आपण खेळतच नाही. एका हॉटेल-साखळीचे कार्ड काढायचे, त्या दर्जाच्या बदल्यात कॅसिनोचा दर्जा मिळवायचा (विंडम आणि सीझर्स यांच्यात अशी देवाणघेवाण चालते), आणि एक रुपयाही न लावता फुकटच्या रात्री पदरात पाडून जग हिंडायचे. यात नियम मोडलेला नाही. फसवणूक म्हणावी तर ती कंपनीची, आणि कंपनीची कीव करण्याचे कारण नाही. पण खोलीचे पैसे कोणी तरी भरलेच आहेत. ते भरले आहेत त्या निवृत्त शिक्षकाने, शेजारच्या यंत्रापुढे बसून.

मराठी कीर्तनकार शरपंजरी भीष्माची एक गोष्ट रंगवून सांगतात. भीष्म धर्म सांगू लागतात तेव्हा द्रौपदीला हसू येते: वस्त्रहरण चालले होते तेव्हा हा धर्म कुठे होता? भीष्म कबूल करतात की तेव्हा आपल्या अंगात दुर्योधनाचे अन्न होते, बाणांनी ते रक्त वाहून गेले तेव्हा कुठे बुद्धी निवळली. गोष्ट लोकपरंपरेतली आहे, पण तिच्यातला मुद्दा पक्का आहे. अन्न कोणाचे खाल्ले, यावर आपल्याला काय दिसते आणि कशाकडे डोळेझाक होते, हे ठरते. फुकट खोलीत राहणाऱ्या चतुर प्रवाशाला खालच्या मजल्यावरचा माणूस दिसेनासा होतो, हा त्या अन्नाचाच गुण.

महाभारतातल्या द्यूताचीही सुरुवात पाहुणचारानेच झाली, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. सभापर्वात धृतराष्ट्र आधी हजार खांबांची, शंभर दारांची रत्नजडित सभा बांधून घेतो. मग विदुराला इंद्रप्रस्थाला पाठवतो: भावांसह या, सभा पाहा, मैत्रीचा डाव होऊ द्या. युधिष्ठिराला धोका कळतो. विदुर स्वतःच त्याला सावध करतो. तरी तो जातो, कारण वडीलधाऱ्याचे बोलावणे मोडायचे नाही आणि आव्हान आले तर मागे फिरायचे नाही, अशी त्याची प्रतिज्ञा आहे. शकुनीच्या फाशांइतकाच हा पाहुणचारही त्या डावाचा भाग होता. सर्वस्व गमावून, ते परत मिळून, घरी निघालेला युधिष्ठिर वाटेतून दुसऱ्यांदा बोलावल्यावर पुन्हा परततो. परतीचे गिऱ्हाईक कसे तयार होते, हे व्यासांनी लव्हमनच्या कितीतरी आधी लिहून ठेवले आहे.

वनवासात पस्तावलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी जी गोष्ट सांगतात ती विदर्भाची आहे. कुंडिनपूरची राजकन्या दमयंती आणि फाशांत राज्य घालवलेला नल. अमरावती जिल्ह्यातले कौंडिण्यपूर हेच ते कुंडिनपूर, असे परंपरा मानते. या कथेत नल सुटतो तो कोणाच्या वराने नाही. सारथी म्हणून विदर्भाकडे रथ हाकत असताना राजा ऋतुपर्ण त्याला वाटेतल्या बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे न मोजता सांगून दाखवतो. ती विद्या नल शिकतो आणि त्या बदल्यात घोड्यांची विद्या देतो. बेहड्याची फळेच त्या काळी फासे म्हणून वापरत. हेच झाड सातपुड्याच्या जंगलात आजही आहे आणि त्रिफळा चूर्णाच्या डबीतून घरोघरी पोचते. मोजायला शिकला की जुगार अंगातून उतरतो, असे ही कथा म्हणते: नलाच्या अंगात शिरून त्याला जुगारात ओढणारा कली बाहेर पडतो तो ही विद्या हाती आल्यावरच.

धर्मशास्त्रांनी जुगाराबद्दल एकच सूर लावलेला नाही. मनू राजाला द्यूत बंद करायला सांगतो. वेरूळच्या लेण्यांत मात्र खुद्द शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरलेली आहेत. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमून जुगार एकाच जागी आणायला सांगितले, म्हणजे लपूनछपून जगणारे लोक हेरता येतील, आणि जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच राजाचा वाटा ठरवला. रूलेटच्या ५.२६ च्या जवळपासच. फरक इतकाच की कौटिल्याचा अधिकारी जिंकणाऱ्याकडून घेई आणि त्याला फुकट खोली देत नसे.

आजची सरकारे याबाबतीत काय करतात ते पाहण्यासारखे आहे. नेपाळमध्ये नेपाळी नागरिकाला कॅसिनोत खेळायला बंदी आहे. मोनॅकोचे नागरिक मोनॅकोच्या जुगारगृहात खेळू शकत नाहीत. सिंगापूरने २०१० मध्ये कॅसिनो उघडले तेव्हा आपल्या नागरिकांवर आणि कायम रहिवाशांवर दिवसाला १०० सिंगापूर डॉलरची प्रवेशपट्टी लावली, २०१९ मध्ये ती १५० केली. परदेशी पासपोर्टवाला फुकट आत जातो. गोव्यानेही १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत मज्जाव केला. म्हणजे ज्याचे बुडणे आपल्याला निस्तरावे लागेल त्याला दारात अडवायचे आणि ज्याचे घर दूर आहे त्याला पायघड्या घालायच्या. अतिथी देवासमान मानावा, असे उपनिषद सांगते. इथे अतिथी प्रिय आहे, कारण तो उद्या आपल्या गावात रडायला थांबणार नाही.

आणि आता चक्रधर स्वामी. महानुभाव पंथाच्या लीळाचरित्रात त्यांच्या पूर्वायुष्याची हकिकत येते: भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव जुगाराच्या नादी लागतो, मोठी रक्कम हरतो, देणे भागवायला पत्नी कमळाइसेकडे दागिने मागतो. ती देत नाही. वडील कर्ज फेडतात, पण त्याचे मन संसारातून उठते. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो घर सोडतो आणि ऋद्धिपूरला गुरू गोविंदप्रभूंपाशी पोचतो. पुढे याच बुलढाणा जिल्ह्यातले मेहकर आणि लोणार त्यांच्या भ्रमंतीत येतात. जुगाराने घर सुटलेला माणूस पुढे आयुष्यभर हिंडला, लोकांच्या दारचे खाल्ले, मिळेल तिथे निजला. रात्रीचा एकही दाम दिला नाही.

मग त्याच्यात आणि आजच्या फुकट्या प्रवाशात काय अंतर? चक्रधरांनी शिष्यांना घालून दिलेला आचार हे अंतर दाखवतो. अटन करावे, एका जागी गुंतू नये, जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही तिथे जावे, भिक्षा मागताना चांगले वाढणारे घर हेरून ठेवू नये. भिक्षेकऱ्याने नेहमीचे गिऱ्हाईक व्हायचे नाही, हाच या नियमांचा गाभा. एकाच दारी रोज गेले की देणाऱ्याला आपण उपकार केल्याचे वाटू लागते, घेणाऱ्याला हक्क वाटू लागतो आणि दोघेही बांधले जातात. निष्ठेवर गुण देणाऱ्या योजनेला याहून थेट विरोध सापडणार नाही. तिथे पुन्हा पुन्हा येणे हाच सद्गुण असतो. इथे पुन्हा त्याच दारी जाणे हा दोष.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ च्या सुमारास भेटीदाखल दिलेल्या वस्तूंवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. जगातल्या अनेक समाजांचे दाखले देऊन त्यांनी दाखवले की भेट कधीच मोकळी नसते: देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने तिच्यात असतात. आहेर-मानपानाच्या याद्या सांभाळणाऱ्या मराठी घरांना हे कोणी पॅरिसहून सांगायची गरज नाही. भगवद्गीतेचा सतरावा अध्याय मात्र एक पाऊल पुढे जातो. ज्याच्याकडून परतफेडीची शक्यता नाही त्याला, योग्य जागी आणि योग्य वेळी दिलेले ते सात्त्विक दान; परतफेडीच्या आशेने किंवा फळावर डोळा ठेवून दिलेले राजस. कॅसिनोची खोली राजस दानाचे पाठ्यपुस्तकातले उदाहरण ठरावी. फळ इथे नुसते अपेक्षित नाही, ते दशांश चिन्हापुढे दोन घरांपर्यंत मोजलेले आहे.

नोंद ठेवणे म्हणजे पाप, असे मात्र नाही. किराणा दुकानदारही उधारीची वही ठेवतो, पण ती गिऱ्हाईक वाचू शकते आणि बाकी चुकती करून मोकळे होऊ शकते. कॅसिनोच्या वहीत पाहुण्याला फक्त त्याचे गुण दिसतात. त्याच्याकडून अपेक्षित तोटा किती धरला आहे, हा रकाना त्याला दाखवला जात नाही.

शेगावकडे या नजरेने पाहिले की गजानन महाराजांच्या प्रकट होण्याची कथा वेगळी वाटते. २३ फेब्रुवारी १८७८ ला देविदास पातूरकरांच्या घराबाहेर पडलेल्या उष्ट्या पत्रावळींतली शिते वेचून खाताना बंकटलाल अग्रवालांनी त्यांना पाहिले. ताट वाढून आणले गेले ते नंतर. पिण्यासाठी चांगले पाणी आणतो म्हटले तर महाराज गुरांच्या पाण्याकडे वळले. दासगणूंच्या ग्रंथातून घरोघर पोचलेला हा प्रसंग साधेपणाचा दाखला म्हणून सांगितला जातो. पण फेकलेले अन्न कोणी कोणाला दिलेले नसते. त्याला दाता नाही, म्हणून उपकार नाही आणि परतफेडही नाही.

विदर्भाचेच गाडगेबाबा दुसऱ्या टोकाने त्याच ठिकाणी आले. गावात शिरले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे, मग भाकरी मागायची. पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई इथे त्यांनी गोरगरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. फुकट रात्रींची ती खरी मराठी परंपरा. पण त्यांवर त्यांनी स्वतःची किंवा घरच्यांची मालकी ठेवली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

इथवर धर्माची बाजू स्वच्छ दिसते. ती तेवढी स्वच्छ नाही. तिरुपतीला श्रीवाणी न्यासाला दहा हजार रुपये दिले की विशेष दर्शनाचे तिकीट काढता येते. शिर्डीत दर्शनाचे आणि आरतीचे सशुल्क पास आहेत. देणगीच्या रकमेप्रमाणे फरशीवर, पंख्यावर, पायरीवर नावे कोरलेली देवळे गावोगाव आहेत. हा सोन्याचा, चांदीचा, हिऱ्याचा दर्जाच आहे, फक्त होस्टच्या जागी पुजारी आहे. नवस तर उघड सौदा: अमुक झाले तर तमुक वाहीन. पुण्याच्या साठ्यावर स्वर्ग मिळतो हे खरे, पण साठा संपला की मृत्युलोकात परत यावे लागते, असे गीतेचा नववा अध्याय बजावतो. गुणांची मुदत संपण्याची अट तिथेही आहे. म्हणून पुण्य जमवणाऱ्याने जुगाऱ्याला हिणवण्यात अर्थ नाही. दोघेही खात्यातली शिल्लक पाहतात.

शेगाव संस्थानाची व्यवस्था या पेचातून एक व्यवहारी वाट काढते. महाप्रसाद विनामूल्य आहे, पण भक्तनिवासातली खोली फुकट नाही. तिला माफक भाडे आहे. कामाला हजारो सेवाधारी आहेत, ते आळीपाळीने येऊन पगाराशिवाय झाडतात, वाढतात, रांगा लावतात. कैलासवासी शिवशंकरभाऊ पाटलांच्या काळात या शिस्तीचे नाव राज्यभर झाले. भूक ही सर्वांची सारखी गरज, तिच्यावर किंमत नाही. खोली ही सोय, तिची किंमत फलकावर. भाडे भरून किल्ली परत केली की यात्रेकरू कोणाचे काही लागत नाही. पुन्हा यावे की न यावे, हे त्याचे त्याने ठरवायचे. उघड लिहिलेली किंमत ही कधी कधी दानापेक्षाही निर्मळ असते, कारण ती माणसाला मोकळे सोडते.

शेगावहून दरवर्षी पायी पंढरपूरला निघणारी पालखीही अशीच परगावी रात्री काढते, अकोला, परभणी, सोलापूर अशा वाटेने. गावे मुक्काम देतात, अंथरूण देतात, पिठले-भाकरी वाढतात. कोणत्या वारकऱ्याने गेल्या वर्षी किती भाकरी खाल्ल्या, याची नोंद कोणत्याच गावात नाही.

तेव्हा निवाडा असा. फुकट मिळालेल्या वस्तूत दोष नसतो. दोष असतो तिच्यामागच्या लपवलेल्या रकान्यात. ज्याच्या देण्यात तुमचा तोटा आधीच धरलेला आहे, तो यजमान नव्हे, मग जागा मांडवीवरचे जहाज असो की देवळाचा खास दरवाजा. कॅसिनो पाहायचाच असेल त्याने खोलीचे पैसे स्वतः भरावेत, खेळायची रक्कम घरूनच ठरवून न्यावी आणि निष्ठेचे कार्ड काढू नये. देवस्थानांच्या विश्वस्तांनीही दर्शनाच्या रांगेतून रकमेचे दर्जे काढून टाकावेत, म्हणजे जुगाराविरुद्ध कीर्तन करण्याचा त्यांचा अधिकार टिकेल.

ज्यांच्या घरी हे प्रकरण कीर्तनापलीकडे गेले आहे त्यांनी ते शरमेचे न मानता आजार समजावे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ पासून जुगाराच्या विकाराला दारूच्या व्यसनाच्या पंक्तीत बसवले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही तो आहे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते. तिथे मराठीत बोलता येते आणि त्याचे पैसे पडत नाहीत.